मिठाला एक्सपायरी असते का? पंपघरात पडलेल्या जुन्या गोण्या आणि पोहण्याचा तलाव
(ऑनलाइन मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पंपघर
पुण्यातल्या एका सोसायटीचा छोटा तलाव. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. क्लोरिन मिठापासून बनतो, म्हणजे पाइपात इलेक्ट्रोलिसिसचा सेल बसवलेला आहे. पावसाळ्यात सेल बंद ठेवून टीसीसीएच्या (क्लोरिन सोडणाऱ्या) गोळ्यांवर काम भागवलं. आता सेल परत चालू केल्यावर पॅनेलवर 'मीठ कमी'चा दिवा लागलाय.

पंपघरात ५० किलोच्या सहा गोण्या दोन पावसाळे पडून आहेत. छापील तारीख उलटून गेलीय. चार गोण्यांचा दगड झालाय, दोन खालून ओल्या आहेत. तीन प्रश्न:
१. हे मीठ वापरायचं की फेकायचं?
२. सहाच्या सहा गोण्या एकदम घातल्या तर चालतील का?
३. नवीन आणायचं झालं तर कुठलं?

खारफुटी
पहिल्याचं उत्तर सोपं आहे: वापरा. सोडियम क्लोराइडला वयच नसतं. त्यात बुरशी धरत नाही, किडे होत नाहीत, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं वाकडं नाही. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून आज निघणारं सैंधव माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी तिथे बसलेलं आहे. त्याला 'दोन वर्षांत वापरा' सांगणं जरा गमतीचंच.

मग गोणीचा दगड का होतो? शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती मर्यादा रोज ओलांडली जाते, कोकणात तर विचारूच नका. दाण्यांच्या पृष्ठभागावर खारट पाण्याचा पातळ थर येतो. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की तोच थर सुकतो आणि दोन दाण्यांच्या मध्ये नवीन स्फटिकाचा पूल बांधला जातो. हे दोन-तीनदा झालं की गोणीचा धोंडा. आत रासायनिक बदल काहीही नाही. मोगरीने फोडा, झालं.

खालून ओल्या झालेल्या गोण्यांची गोष्ट थोडी वेगळी, आणि मला तीच जास्त आवडते. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढतं, म्हणजे जवळजवळ वर्षभर. गोणीच्या तळाशी गळतं ते बहुतेक हेच कडवट पाणी. म्हणजे गळून गेल्यावर उरलेलं मीठ आधीपेक्षा जास्त शुद्ध असतं! पेण-उरणकडच्या मिठागरांत मिठाच्या राशी शाकारून ठेवतात आणि तसं ठेवलेलं मीठ कडूपणा गेलेलं मिळतं, त्यामागचं कारण हेच. आपल्याकडे जुन्या घरांत मीठ सच्छिद्र मडक्यात ठेवून खाली वाटी असायची, तीही त्यासाठीच.

फक्त एक करा: गोण्या वजनकाट्यावर ठेवा. गळालेल्या पाण्याबरोबर थोडं मीठही जातंच, आणि उरलेल्यात ओल असते. ५० छापलंय म्हणून ५० धरू नका.

चिमूटभर
तलावातलं मला काही कळत नाही, पण तारखेबद्दल बोलते. खायच्या मिठाच्या पुडीवर तारीख असते ती आयोडिनसाठी. आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट मिसळतात. कारखान्यातून निघताना किलोमागे २० ते ३० मिलिग्रॅम आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन असलं पाहिजे, असा नियम आहे. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेतली घट गृहीत धरलेली आहे. ओल, ऊन, उष्णता आणि मिठातली अशुद्धी यांनी आयोडिन हळूहळू उडतं. शेगडीशेजारी उघड्या वाडग्यात ठेवलेलं मीठ खारट राहील, पण पुडीवर लिहिलेलं आयोडिन त्यात असेलच असं नाही. झाकणाची बरणी, कोरडा चमचा, शेगडीपासून लांब, एवढं पुरतं. तांदळाचे दाणे टाकून मीठ मोकळं राहतं, आयोडिन वाचत नाही.

शंकासूर
म्हणजे तलावात आयोडिनवालं मीठ घातलं तर पाणी हिरवं होतं हे खरं का? सगळीकडे हेच वाचायला मिळतं. आणि सैंधव घातलं तर? नैसर्गिक असतं, त्वचेला चांगलं म्हणतात.

रसायनकट्टा
हिरव्या पाण्याची भीती आकडे मांडले की बरीच उतरते. तलावात लिटरमागे सुमारे ३ ग्रॅम मीठ असतं. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडिन धरलं तर लिटरमागे ०.०९ मिलिग्रॅम. शिवाय आपल्याकडचं आयोडिन आयोडेटच्या रूपात असतं, त्याचं ऑक्सिडेशन आधीच झालेलं आहे, क्लोरिन त्याला आणखी काही करत नाही. काही परदेशी मिठांत पोटॅशियम आयोडाइड असतं. ते क्लोरिनशी भिडून तपकिरी-पिवळं मोकळं आयोडिन देऊ शकतं. अफवेचं मूळ तिकडे असावं. इथे पाणी हिरवं झालं तर आधी शेवाळ बघा, मग तांबं-लोखंड बघा.

घरगुती पुडीतलं मीठ तलावाला नको म्हणतो ते दोन कारणांनी. एक, गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्यं. मॅग्नेशियम कार्बोनेट आणि सिलिका पाण्यात विरघळत नाहीत, पाणी दुधाळ होतं आणि फिल्टरला दोन-तीन दिवस काम लागतं. आयएनएस ५३६ म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. नाव भयंकर असलं तरी खायच्या मिठात त्याची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे, तेवढ्याने तलावाचं काही बिघडत नाही. पण औद्योगिक मिठात ते किती घातलंय हे गोणीवर नसेल तर घेऊ नका. पाण्यात लोखंड असेल तर त्याच्याशी मिळून निळसर डाग पडतात. दुसरं कारण पैशाचं. एकेक किलोच्या पुड्यांनी दीडशे किलो भरायचं म्हणजे पाकिटाचे आणि जाहिरातीचे पैसे पाण्यात.

सैंधवाबद्दल: त्याचा गुलाबी रंग लोखंडाच्या संयुगांचा. शिवाय चिकणमाती आणि जिप्सम असतं. उपवासाच्या बटाट्याच्या भाजीला उत्तम. पांढऱ्या टाइलला तपकिरी डाग हवे असतील तर तलावात घाला. त्वचेला जे काही बरं वाटतं ते खारट पाण्यामुळे, आणि ते कुठल्याही मिठाचं सारखंच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शुद्ध केलेलं, वाळवलेलं, आयोडिन नसलेलं औद्योगिक मीठ, शुद्धता ९९.५ टक्क्यांच्या आसपास, दाणा मध्यम. रासायनिक उद्योगाच्या मिठाचं मानक आयएस ७९७ आहे. विक्रेत्याकडे विश्लेषणाचा कागद मागा आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंड आणि न विरघळणारा भाग हे चार आकडे बघा. आयोडिन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला मे २००६ पासून बंदी आहे, त्यामुळे किराणा दुकानात ते सहसा मिळणार नाही. वॉटर सॉफ्टनरला मीठ पुरवणाऱ्यांकडे विचारा. सॉफ्टनरच्या गोळ्याही चालतात, पण विरघळायला वेळ घेतात.

मेलबर्नकर
सगळे मिठाची जातकुळी काढताहेत, पण तलावात मीठ खरंच कमी आहे का? पॅनेलवरचा आकडा मिठाचा नसतो. यंत्र सेलमधून जाणारा करंट, व्होल्टेज आणि पाण्याचं तापमान बघून मिठाचा अंदाज बांधतं. प्लेटांवर चुना बसला किंवा प्लेटांचा मुलामा झिजला की करंट घटतो आणि यंत्र म्हणतं 'मीठ कमी'. मग लोक मीठ ओततात. दिवा विझतो, चार आठवड्यांनी परत लागतो, परत ओततात. शेवटी पाणी ६,००० पीपीएमला (म्हणजे लिटरमागे ६,००० मिलिग्रॅमला) जातं आणि सेल आपला मेलेलाच.

म्हणून एकही गोणी फोडण्याआधी मोजा. टीडीएस मीटरने मोजू नका. त्यात बोअरवेलचे क्षारही मिठात धरले जातात. थेंबांचं किट घ्या: १० मिली पाणी, क्रोमेटचा एक थेंब (पाणी पिवळं होतं), मग सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने, विटकरी रंग टिकेपर्यंत. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे २०० पीपीएम. तुमच्या किटाचा कागद बघा. बोटांना सिल्व्हर नायट्रेट लागू देऊ नका, काळे डाग आठवडाभर जात नाहीत.

त्याच वेळी पीएच, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), मोकळा क्लोरिन आणि सायन्युरिक अॅसिड मोजून इथे टाका. आणि सेलवर मिठाची कोणती मर्यादा लिहिलीय तेही. ऑस्ट्रेलियातली बरीच यंत्रं ४,००० च्या वर मागतात, अमेरिकन बनावटीची बरीचशी ३,२०० च्या आसपास. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

पंपघर
मोजलं. यंत्राच्या पुस्तिकेत २,७०० ते ३,४०० पीपीएम, आदर्श ३,२००.
मीठ किटने १,९००, पॅनेलवर १,५००.
पीएच ८.१, अल्कलिनिटी १४०.
मोकळा क्लोरिन १.
सायन्युरिक अॅसिड १३०.
सेल काढून बघितला, प्लेटांच्या मध्ये पांढरा कडक थर आहे.
नळाच्या पाण्यात मीठ किटने २००.

मेलबर्नकर
वाटलंच. मीठ कमी आहे हे खरं, पण पॅनेल म्हणतं तेवढं नाही. मधला ४०० चा फरक त्या पांढऱ्या थराचा.

हिशेब: १० × ५ × १.४ म्हणजे ७० घनमीटर. ७० घनमीटरला १,००० पीपीएम वाढवायला ७० किलो मीठ लागतं. सहा गोण्या म्हणजे ३०० किलो, म्हणजे जवळजवळ ४,३०० पीपीएमची भर. १,९०० वरून तुम्ही ६,२०० ला गेला असता. यंत्र जास्त करंटमुळे बंद पडलं असतं आणि मीठ काढायला पाणी सोडण्यावाचून दुसरा उपाय नाही. मीठ गाळून काढणारा फिल्टर तलावांना नसतो.

पण तुमचा खरा आजार मीठ नाहीच, सायन्युरिक अॅसिड १३० हा आहे.

रसायनकट्टा
अगदी हेच लिहायला आलो होतो. टीसीसीएमधून १० पीपीएम क्लोरिन पाण्यात गेला की त्यामागून ६ पीपीएम सायन्युरिक अॅसिड येतं. क्लोरिन संपतो, हे उरतं. उन्हापासून क्लोरिन वाचवायला ते थोडं हवंच. मिठाच्या तलावात ६० ते ८०. त्यापुढे ते क्लोरिनला इतकं धरून ठेवतं की जंतू मारण्याइतका क्रियाशील क्लोरिन उरत नाही. मिठाच्या तलावासाठी मोकळा क्लोरिन सायन्युरिकच्या ५ टक्के तरी ठेवावा हा व्यवहारातला आडाखा. १३० ला ६.५ पीपीएम हवा, तुमच्याकडे १ आहे. सेल चोवीस तास चालवूनही तो वर येणार नाही आणि सगळे म्हणतील मीठ जुनं होतं म्हणून काम करत नाही. बिचारं मीठ.

आता क्रम महत्त्वाचा:

आधी निम्मं पाणी सोडा. मीठ आधी घातलंत तर त्यातलंही निम्मं गटारात जाईल. एकदम रिकामा मात्र करू नका; पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी वर असतं आणि रिकामा तलाव खालून उचलला जाऊ शकतो. नळाचं पाणी भरल्यावर सायन्युरिक ६५, मीठ साधारण १,०५०. टँकरने भरणार असाल तर टँकरचं पाणी आधी तपासा. बोअरचं असेल तर कॅल्शियम पुन्हा येईल आणि प्लेटांवर तोच थर परत बसेल. कॅल्शियमची कठिणता २०० ते ४०० च्या मध्ये असावी.

मग पीएच. पाणी बदलल्यावर नव्याने मोजा. ७० घनमीटर, अल्कलिनिटी १२० च्या आसपास राहिली तर ८.१ वरून ७.५ ला यायला बाजारातलं ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे दीड लिटर लागेल. एकदम नाही. अर्धा लिटर बादलीभर पाण्यात पातळ करून, पंप चालू ठेवून, पाणी परत येतं त्या तोंडासमोर ओता; चार तासांनी मोजून पुढचा हप्ता. अल्कलिनिटी हळूहळू ६० ते ८० वर आणा. सेलमध्ये हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हुसकतात आणि पीएच सतत वर चढतो. अल्कलिनिटी जितकी जास्त तितकी ही चढण जोरात. मिठाच्या तलावात सोडा अॅश (पीएच वाढवणारी पूड) जवळजवळ कधीच लागत नाही. आम्ल मात्र दर आठवड्याला लागतं. पाणी गढूळ दिसलं की तुरटी टाकायची सवय असते तीही इथे सोडा, तिच्यातलं सल्फेट साठत जातं.

मग सेल. वीज मुख्य बटणापासून बंद. सेल बाहेर. बादलीत चार भाग पाणी, त्यात एक भाग आम्ल. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीही नाही. फेस थांबेपर्यंत, जास्तीत जास्त दहा-पंधरा मिनिटं, मग गोड्या पाण्याने धुवा. पहिल्यांदा आणखी पातळ, एकास दहा, करून बघितलंत तर उत्तमच. खिळा, स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश यांना प्लेटांजवळ फिरकू देऊ नका. टायटॅनियमच्या त्या प्लेटांवर रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा केसाहून पातळ मुलामा असतो, सगळी किंमत त्याचीच. आम्लानेही तो थोडा झिजतो, म्हणून दर महिन्याला हौसेने धुऊ नये. चुना दिसला तरच.

सर्वांत शेवटी मीठ: ३,२०० वजा १,०५० म्हणजे २,१५०, गुणिले ७० म्हणजे १५० किलो. तीन गोण्या.

पंपघर
तीनच! धन्यवाद. त्या घालायच्या कशा? स्किमरमधून (वरचा कचरा ओढणाऱ्या तोंडातून) टाकल्या तर आपोआप फिरतील ना?

उरणचा वारा
स्किमरमधून अजिबात नको. घट्ट खारं पाणी थेट पंपाच्या सीलवर आणि सेलवर जातं.

सेल बंद, पंप चालू. आधी दोनच गोण्या. दाणा मोकळा असेल तर काठाने चालत उथळ बाजूला पसरून टाका, मोठ्या ब्रशने तळ ढवळत राहा. ढीग एका जागी बसू देऊ नका; मिठाचं पाणी जड असतं, तळाशी थर करून राहतं आणि खालच्या जाळीतून एकदम ओढलं जातं. २४ तास पंप चालवून मोजा, मग तिसरी गोणी लागेल तेवढी. मोजमाप बरोबर आलं की सेल चालू.

तुमच्या दगड झालेल्या गोण्या अख्ख्या लोटू नका, टाइल फुटेल. दोन रस्ते: ताडपत्रीवर लाकडी मोगरीने फोडून मुठीएवढे खडे करा, किंवा ड्रम. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, १५० लिटर पाणी, ३० किलो मीठ. लिटरला साधारण ३६० ग्रॅमच्या पुढे मीठ विरघळतच नाही आणि गरम पाण्याने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे पाणी तापवत बसू नका. ढवळणं कामाला येतं. लाकडी वल्ह्याने ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी पाइपने तलावात सोडा. तळाला राहिलेला गाळ फेका.

मिठागरातलं जाडं मीठ वापरायचं झालं तर ड्रमच बरा. खारं पाणी २५ बोमे अंशांच्या (बोमे हे खाऱ्या पाण्याच्या घनतेचं माप) पुढे गेलं की मीठ बसू लागतं आणि २९-३० च्या पुढे मॅग्नेशियमचे क्षार त्यात यायला लागतात. कडवट पाणी वेळेवर सोडलेलं मीठ पांढरं आणि टणक, उशिरा काढलेलं ओलसर. हातात घेऊन दाबलं की कळतं. त्यात एक टक्का माती धरली तरी १५० किलोमागे दीड किलो चिखल, तो थेट तलावात गेला तर फिल्टरला दोन बॅकवॉश (उलट पाणी सोडून फिल्टर धुणं) जास्त. आणि बॅकवॉशमध्ये मीठही जातं, म्हणजे स्वस्ताईचा फायदा तिथेच संपला. आमच्याकडच्या मिठाला नावं ठेवत नाही, पण ते मासळी खारवायला आणि बर्फात घालायला जास्त शोभतं.

शंकासूर
एक मूलभूत शंका. सेल मिठाचा क्लोरिन बनवतो, म्हणजे मीठ संपतच असणार. मग दर महिन्याला घालायला नको का?

रसायनकट्टा
नको. सेलमध्ये मीठ आणि पाण्यापासून क्लोरिन, हायड्रोजन आणि कॉस्टिक होतं. क्लोरिन जंतू मारतो किंवा उन्हाने मोडतो आणि परत क्लोराइड होतो. तेच मीठ फेऱ्या मारतं. वाफेबरोबरही मीठ जात नाही. उन्हाळ्यात पातळी उतरते तेव्हा उलट खारटपणा वाढतो. मीठ बाहेर जायच्या वाटा चारच: बॅकवॉश, गळती, अंगाबरोबर-कपड्यांबरोबर उडालेलं पाणी, आणि पावसात ओसंडून गेलेलं पाणी.

चौथी वाट आपल्याकडे सर्वांत मोठी. तलाव भरलेला आहे, पाऊस पडतोय, पाणी मिसळून वाहून जातंय असं धरलं तर १.४ मीटर खोलीच्या तलावात ६५० मिलिमीटर पाऊस झाल्यावर ३,२०० चं साधारण २,००० होतं. पंपघर यांचा १,९०० चा आकडा याच्याशी जुळतो, म्हणजे गळती नसावी. हाच तलाव कोकणात असता आणि २,२०० मिलिमीटर पाऊस झाला असता तर ७०० सुद्धा उरलं नसतं. तिकडे म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंत मीठ घालूच नये.

पाऊस नसताना महिन्याला दोनशे-तीनशे पीपीएम कमी होत असेल तर मीठ नाही, गळती शोधा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खुणा करून २४ तास बघा. बाहेरची जास्त उतरली तर पाणी कुठेतरी जातंय.

आणि हो, 'मिठाचा तलाव म्हणजे क्लोरिन नसलेला तलाव' असं सोसायटीच्या सभेत सांगितलं जातं ते चूक आहे. क्लोरिन तोच, फक्त तो डब्यातून न येता पाइपात बनतो.

गवंडीकाम
पाण्याचं झालं, आता काठाचं. ३,२०० पीपीएम समुद्राच्या दहावा हिस्साही नाही, पण काठावर उडालेलं पाणी सुकतं आणि मीठ तिथेच राहतं. जांभा, सँडस्टोन असल्या सच्छिद्र दगडात ते आत स्फटिक धरतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. काठ रोज गोड्या पाण्याने धुतला पाहिजे. ग्रॅनाइट असेल तर काळजी कमी. शहाबादी, कोटा यांच्यावर आम्लाचा थेंब पडला की चट्टा कायमचा, तेव्हा सेल धुण्याची बादली फरशीवर ठेवू नका.

शिडी ३०४ दर्जाच्या स्टीलची असेल तर जोडांपाशी तपकिरी ठिपके येतातच. ३१६ घ्या, आणि तीही धुवा. नवीन प्लास्टर केलं असेल तर साधारण महिनाभर मीठ घालायचं नाही.

बॅकवॉशचं पाणी बागेत सोडू नका. नारळ सहन करेल, बाकी झाडांची पानं कडेने करपतात आणि काळ्या मातीत सोडियम साठला की ती घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात सोडायचं असेल तर प्रकल्प चालवणाऱ्याला आधी विचारा.

खारफुटी
पंपघराबद्दल दोन गोष्टी राहिल्या. फ्लो स्विच तपासा: पंप बंद केला की सेल काही सेकंदांत बंद झाला पाहिजे. पाणी थांबलेलं आणि सेल चालू अशी वेळ आली तर पाइपात हायड्रोजन साठतो, आणि तो स्फोटक आहे. सेलची वीज पंपाच्या स्टार्टरमधूनच यावी, वेगळ्या सॉकेटवर कधीच नको.

दुसरं, टीसीसीए, ब्लिचिंग पावडर आणि आम्ल एकाच कोनाड्यात असतील तर आजच वेगळे करा. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ओलाव्यात एकत्र आले तर आग लागू शकते. आम्ल कुठल्याही क्लोरिनवर सांडलं तर विषारी वायू. मीठ त्यांच्यात सर्वांत निरुपद्रवी, पण ओल्या गोणीतून गळणारं पाणी मोटारीचा पाया आणि केबलचे ग्लँड खातं.

तारखेचाच प्रश्न असेल तर तो द्रव हायपोला (सोडियम हायपोक्लोराइटला) विचारा. पुण्याच्या एप्रिलमध्ये कॅनमधला हायपो काही आठवड्यांतच चांगलाच उतरतो. मीठ दहा वर्षांनी तेवढंच क्लोरिन देईल.

पंपघर
निम्मं पाणी सोडायला सुरुवात केलीय. गोण्यांचं वजन केलं: दगड झालेल्या चार ४९ ते ५१ किलो, ओल्या दोन ४४ आणि ४६. आधी ओल्या दोन वापराव्यात का? आणि उरलेल्या तीन कशा ठेवायच्या?

उरणचा वारा
हो, ओल्या आधी, ड्रममधून. दोन्ही मिळून ९० किलो. पाच टक्के ओल धरून ८५ समजा. तेवढ्याने मीठ २,२५० च्या थोडं वर जाईल. मोजा, मग कोरड्यातली एक पूर्ण, आणि पुन्हा मोजून लागलं तर दुसरीतलं दहा-पंधरा किलो. ३,००० ला थांबलात तरी सेल खूश असतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने ते आपोआप वर चढेल.

उरलेल्या गोण्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. विणलेल्या पोत्यातून हवा आरपार जाते. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. उन्हाने पोत्याचे धागे भुसभुशीत होतात आणि उचलताना तळ फाटतो. पिशवीवर वजन लिहून ठेवा.

शंकासूर
शेवटची शंका. मीठ खराब होतच नाही म्हणता, मग उरलेल्यातलं दोन किलो कैरीच्या लोणच्याला?

चिमूटभर
आयोडिन नसलेलं जाडं मीठ लोणच्याला चांगलंच, पण ते खायच्या दर्जाचं, स्वच्छ जागेतलं. हे दोन वर्षं आम्लाच्या कॅनशेजारी उघड्या पोत्यात होतं. राहू द्या तलावातच.